खडूच्या रिंगणांतील रवि

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट नेहमीं आमच्या लक्षांत येते. चरित्रकाराला शेवट आधींच ठाऊक असतो. म्हणून नायकाच्या पाळण्यापाशीं उभें राहिल्याबरोबर त्याला बाळाच्या पायांत मोठेपणाचीं चिन्हें दिसूं लागतात. असें मूल कधीं खोटें बोलत नाहीं, कधीं अभ्यास टाळीत नाहीं, आणि दुखत नसलेलें पोट दुखतें म्हणून सांगत नाहीं. आमचे विद्यार्थिमित्र तें चरित्र वाचून मिटवितात व मनांत म्हणतात कीं, हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे. अशा मित्रांपुढें आम्ही एका निराळ्या मुलाची हकीकत ठेवीत आहों. ती लिहून ठेवणारा स्वतः तोच मुलगा आहे. मात्र लिहितांना तो पन्नाशीला पोहोंचला होता.

रवींद्रनाथ ठाकूर यांनीं आपल्या बाळपणाविषयीं बंगालींत दोन पुस्तकें लिहिलीं. 'जीवनस्मृति' हें १९१२ सालीं पुस्तकरूपानें निघालें. दुसरें 'छेलेबेला', म्हणजे बाळपण. तें त्यांनीं मुलांसाठीं लिहिलें व १९४० सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, तें प्रसिद्ध झालें. या दोन्ही पुस्तकांत तारखांचा काटेकोरपणा शोधूं नये. स्मृति ही इतिहासकार नसून चित्रकार आहे, असें लेखकानेंच आरंभीं बजावलें आहे. पण चित्रें कशीं आहेत! वाचतां वाचतां आम्हांस जागोजाग हंसूं आलें, आणि एकदोन ठिकाणीं पुस्तक मिटून विचार करीत बसावें लागलें.

१८६१ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस कलकत्त्यांतील जोडासांको भागांत, ठाकूर घराण्याच्या जुन्या वाड्यांत रवींद्रनाथांचा जन्म झाला. वडील देवेंद्रनाथ हे ब्राह्मसमाजाचे धुरीण असून लोक त्यांस महर्षि म्हणत. रवि हें त्यांचें चौदावें अपत्य. वडील बहुधा प्रवासांत, आई शारदादेवी यांना संसाराचा मोठा व्याप. तेव्हां मुलांचा सांभाळ नोकरांच्या हातीं गेला. घर श्रीमंताचें, पण मुलांचे लाड नव्हते. कपडे अगदीं साधे. वयाला दहा वर्षें होईपर्यंत पायांत मोजे नाहींत. याचें रवीला दुःख नव्हतें. दुःख एवढेंच कीं, घरचा शिंपी अंगरख्याला खिसा ठेवीत नसे. गोट्या, खडे, दोऱ्याचे तुकडे अशी मालमत्ता ज्याच्यापाशीं आहे, त्याला खिसा नसणें ही केवढी आपत्ति, हें आमच्या बाळवाचकांस सांगावयास नको.

नोकरांत श्याम नांवाचा एक जण होता. मुलावर दिवसभर नजर ठेवण्याचे कष्ट वांचविण्यासाठीं त्यानें एक युक्ति काढली. रवीला तो एका ठिकाणीं बसवी, त्याच्या भोंवतीं खडूनें रिंगण काढी, आणि तोंड गंभीर करून सांगे कीं, या रेघेबाहेर पाऊल टाकशील तर अनर्थ ओढवेल. कोणता अनर्थ, तें तो सांगत नसे. परंतु रवीनें रामायण ऐकलें होतें. लक्ष्मणाची रेघ ओलांडल्यावर सीतेचें काय झालें हें त्याला पक्कें ठाऊक होतें. श्याम खुशाल आपल्या कामाला निघून जाई, आणि रवि त्या रिंगणांत दिवसाचे दिवस बसून राही.

नोकराला वाटलें, मूल जागेवर खिळलें. पण तेथेंच एक खिडकी होती. खिडकीखालीं एक तळें होतें, तळ्याच्या कांठीं मोठा वड होता, आणि शेजारपाजारचीं माणसें तेथें स्नानाला येत. रवीनें प्रत्येकाची तऱ्हा टिपून ठेविली. कोणी कानांत बोटें घालून भराभर बुड्या मारून निघून जाई. कोणी पाण्यावरचा केर दोन्ही हातांनीं दूर सारीत राही आणि अवचित अंग झोंकून देई. कोणाला मुळीं घाईच नसे. दुपारीं तळें ओस पडे, बदकें तेवढीं उरत, आणि वडाच्या पारंब्यांखालच्या काळोखांत सृष्टीचे नियम चालत नसून तेथें कांहीं निराळेंच राज्य आहे, असें त्या मुलाला वाटूं लागे. खडूच्या रेघेनें पाय अडले. डोळे आणि मन यांना अडविणारा खडू श्यामपाशीं नव्हता.

त्याच वाड्यांत आजीच्या काळची एक जुनी पालखी धूळ खात पडली होती. भोई गेले, बसणारे गेले. दुपारीं घर निजलें म्हणजे रवि तिचें दार लावून आंत बसे. मग ती कधीं ओसाड बेट होई आणि आंत बसलेला रवि रॉबिन्सन क्रूसो होई. कधीं ती दूरदूरच्या मुलखांतून, वाघांच्या रानांतून चालूं लागे. पालखी हलत नसे, तरी तो पुष्कळ फिरून येई. घरांतील त्याच्याच वयाची एक मुलगी त्याला सांगे कीं, मी राजवाड्यांत जाऊन आलें. राजवाडा घराबाहेर आहे काय, असें त्यानें विचारलें तेव्हां उत्तर मिळालें कीं, नाहीं, याच घरांत आहे. घराच्या सर्व खोल्या त्यानें पाहिल्या होत्या. मग ही खोली कोठें? तो राजवाडा त्याला कधींच सांपडला नाहीं. आम्हांस वाटतें, न सांपडल्यामुळेंच तो पन्नास वर्षें त्याच्या ध्यानांत राहिला.

आतां खोड्यांकडे वळूं. सत्य नांवाचा त्याचा एक भाचा वयानें थोडा मोठा होता. दोघे बरोबर वाढले. रवीला भेवडाविण्यासाठीं हा सत्य एके दिवशीं पोलीस, पोलीस म्हणून ओरडूं लागला. पोलीस म्हणजे मगरीसारखा प्राणी, त्याच्या दातांत सांपडलेला मनुष्य सुटत नाहीं, अशी रवीची समजूत. तो धांवत आईकडे गेला. आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसेना. पण बाहेर जाण्याचा धीर होईना, म्हणून उंबऱ्यापाशीं बसून त्यानें एका वृद्ध आजीचें रामायण उघडलें, आणि करुण प्रसंग येतांच पोलीस विसरून रडूं लागला.

एकदां त्यानें ओसरीच्या कोपऱ्यांतल्या धुळींत सीताफळाचें बीं पुरलें, आणि रोज पाणी घालून अंकुराची वाट पाहिली. अभ्यासाच्या खोलींत चुलतभावाच्या बागेंतून पळविलेल्या दगडांचा एक डोंगर उभारला. त्यावर रोपें लाविलीं. ही अद्भुत कृति मोठ्यांस दाखविली मात्र, दुसऱ्या दिवशीं डोंगर नाहींसा झाला. खोली झाडणाऱ्याच्या दृष्टीनें तो केर होता. डोंगर आणि केर यांतील अंतर केवळ पाहणाऱ्याच्या वयाचें असतें, हें आमच्या पालकवर्गानेंही क्षणभर ध्यानांत घ्यावें.

अभ्यास चुकविण्याच्या त्याच्या तऱ्हा तर अनेक होत्या. ओले जोडे घालून हिंडावें, कार्तिकाच्या थंडींत गच्चीवर निजावें. पण प्रकृति अशी खणखणीत कीं, साधा खोकलाही येईना. अखेर पोटदुखीचा आश्रय करावा. आई मनांतल्या मनांत हंसे आणि आज पढविणें नको असा मास्तरांना निरोप धाडी. इंग्रजी शिकविणारे अघोरबाबू वैद्यकीय विद्यालयाचे विद्यार्थी होते, आणि त्यांचा मोठा दोष असा कीं, ते कधीं आजारी पडत नसत. एका सायंकाळीं पाऊस कोसळत होता, रस्त्यांत गुडघ्याएवढें पाणी झालें होतें, मास्तरांची वेळ टळून गेली होती, आणि रवि आनंदानें रस्त्याकडे पाहत होता. इतक्यांत गल्लीच्या वळणावर ती ओळखीची छत्री दिसली. त्या क्षणीं बाळाचें काळीज कसें धसकलें, हें पन्नास वर्षांनंतरही लेखकाला विसरतां आलें नाहीं.

येथवर वाचून आमचे विद्यार्थी हंसतील. पण पुढचा भाग हंसण्याचा नाहीं. वडील मुलांना शाळेंत जातांना पाहून रवि जाण्यासाठीं रडूं लागला, तेव्हां घरच्या शिक्षकांनीं त्याला एक चपराक दिली आणि बजावलें कीं, आज जाण्यासाठीं जितका रडतोस, त्याहून अधिक पुढें सुटण्यासाठीं रडशील. तें भाकीत तंतोतंत खरें ठरलें. ओरिएंटल सेमिनरी नांवाच्या पहिल्या शाळेंत धडा न आल्यास मुलाला बाकावर उभें करीत, हात पसरावयास लावीत, आणि तळहातांवर पाट्यांची चळत ठेवीत. रवि तेथें काय शिकला? घरीं आल्यावर तो ओसरीच्या लांकडी कठड्यापुढें खुर्ची मांडून बसूं लागला. कठड्याचे गज हे त्याचे विद्यार्थी. कांहीं हुशार, कांहीं मठ्ठ. मठ्ठांना तो छडीनें असा बदडी कीं, त्यांच्या अंगावर वळ उठले. आणि वळ दिसूं लागले म्हणजे तो अधिकच चिडे. मोठेपणीं त्यानें ओळखलें कीं, शिक्षकाची विद्या घेण्यापूर्वीं मुलानें शिक्षकाचा संताप, उतावळेपणा व पक्षपात हीं सहज उचललीं होतीं. या एका आठवणीपाशीं आम्हीं पुस्तक मिटलें. मुलें आपण सांगतों तें शिकतात कीं नाहीं, कोण जाणे. आपण वागतों तें मात्र तीं नक्कीच शिकतात.

दुसरी शाळा नॉर्मल स्कूल. तेथें अर्थ न समजतां इंग्रजी शब्द सुरावर म्हणवीत. ते मुलांच्या तोंडीं इतके बदलले कीं, मूळ ओळखूं येईना. एका पंडितांची भाषा शिवराळ होती. रवीनें त्यांच्या प्रश्नांस उत्तर न देण्याचा निश्चय केला आणि वर्षभर शेवटच्या जागीं मुकाट्यानें बसून राहिला. वार्षिक परीक्षेंत बंगालींत तोच पहिला आला. पंडितांनीं तक्रार केली कीं, परीक्षकांनीं पक्षपात केला असावा. मग व्यवस्थापक शेजारीं बसले आणि परीक्षा पुन्हां झाली. रवि पुन्हां पहिला आला. याचें कारण चमत्कार नव्हे. थोरले बंधु हेमेंद्रनाथ यांनीं आग्रह धरला होता कीं, मुलांचें शिक्षण प्रथम मातृभाषेंत झालें पाहिजे. बंगालींतून भूगोल, गणित, पदार्थविज्ञान घरीं पक्कें करून घेतलेलें होतें. या बंधूंचें ऋण रवींद्रनाथांनीं कृतज्ञतेनें नमूद केलें आहे.

१८७३ सालीं रवीची मुंज झाली. डोक्यावर केस नाहींत. शाळेंतील मुलें काय म्हणतील, या चिंतेंत तो असतां वडिलांनीं बोलावून विचारलें कीं, माझ्याबरोबर हिमालयांत येतोस काय? त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. प्रथमच त्याच्यासाठीं निराळे कपडे शिवविले गेले. जरीची मखमली टोपी आली. सत्यानें बजावून ठेविलें होतें कीं, आगगाडींत चढणें महाकठीण, आणि सुटतांना घट्ट धरून न बसल्यास मनुष्य कोठल्या कोठें फेंकला जातो. प्रत्यक्षांत गाडींत इतक्या सहज बसतां आलें कीं, रवीची निराशा झाली.

या प्रवासांत मुलाला प्रथमच आपले वडील भेटले. पहिला मुक्काम बोलपुरास, शांतिनिकेतनांत. तेथें रवि माळरानावर एकटा हिंडे आणि अंगरख्याच्या ओंजळींत खडे भरून आणी. घरीं जे खडे केर ठरले होते, त्यांचें वडिलांनीं कौतुक केलें व तेथील एका ढिगाऱ्यावर ते रचावयास सांगितलें. एका घळींत स्वच्छ पाण्याचा झरा सांपडल्याची बातमी त्यानें आणिली, तेव्हां त्यांनीं आपल्या स्नानासाठीं तेंच पाणी आणविलें. त्यांनीं त्याच्या हातीं थोडे पैसे दिले व हिशेब ठेवावयास लाविलें; आपलें मौल्यवान सोन्याचें घड्याळ रोज किल्ली देण्यासाठीं त्याच्या स्वाधीन केलें. रवीनें इतक्या निष्ठेनें किल्ली दिली कीं, तें घड्याळ लवकरच दुरुस्तीसाठीं कलकत्त्यास पाठवावें लागलें. वडील रागावले नाहींत.

वाटेंत एका स्थानकावर तिकीट तपासणारा आला. रवीचें अर्धें तिकीट होतें, पण अंगानें तो थोराड दिसे. बारा वर्षें पुरीं झालीं असावींत असा संशय स्थानकप्रमुखानें व्यक्त केला. झालीं नाहींत, असें वडिलांनीं सांगितलें. त्यानें पूर्ण भाडें मागितलें. त्यांनीं मुकाट्यानें नोट दिली, आणि परत आलेले सुटे पैसे फलाटावर फेंकून दिले. चार पैशांसाठीं आपण खोटें बोलूं, असें कोणी मानावें याचाच त्यांना संताप आला होता. सत्यनिष्ठेवर शंभर व्याख्यानें ऐकून जें शिकतां आलें नसतें, तें त्या मुलाला फलाटावर खळखळणाऱ्या नाण्यांनीं शिकविलें.

अमृतसर पाहून ते डलहौसीजवळच्या बक्रोटा शिखरावर गेले. तेथें लोखंडी टोंकाची काठी घेऊन रवि देवदारांच्या रानांत एकटा भटके, आणि वडील त्याला कधींच अडवीत नसत. पाय घसरण्याची भीति त्यांना नव्हती असें नाहीं. परंतु चुकण्याची मोकळीक दिल्यावांचून खरा मार्ग आपला होत नाहीं, अशी त्यांची श्रद्धा होती. मात्र मोकळीक म्हणजे स्वैरपणा नव्हे. पहाटे सूर्योदयापूर्वीं उठणें, संस्कृत पाठ, थंडगार पाण्याचें स्नान, हें सारें त्यांत होतेंच. श्यामनें आखलेलें रिंगण आणि देवेंद्रनाथांनीं दिलेली काठी, दोन्ही एकाच मुलाच्या वांट्याला आलीं. पहिल्यानें भीति दिली, दुसरीनें जबाबदारी.

परत आल्यावर शाळा अधिकच असह्य झाली. शेवटीं १८७५ सालीं त्याला सेंट झेवियर शाळेंत घातलें. तेथेंही तो रमला नाहीं. पण तेथल्या एका शिक्षकाची आठवण त्यानें आयुष्यभर जपली. फादर डी पेनेरांडा हे पाद्री. इंग्रजी बोलतांना ते अडखळत, म्हणून मुलें त्यांच्याकडे लक्ष देत नसत. तें सर्व ते शांतपणें सोशीत. एके दिवशीं लेखनाच्या तासाला मुलें उतारा लिहीत होतीं, आणि रवि हातांत टांक घेऊन शून्य नजरेनें बसला होता. फादर बाकांमागून फेऱ्या घालीत होते. हा टांक हालत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें असावें. ते त्याच्यामागें थांबले, वांकले, त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेविला, आणि तुला बरें वाटत नाहीं काय, एवढेंच ममतेनें विचारलें. यापलीकडे कांहीं घडलें नाहीं. ना शिक्षा, ना उपदेश. परंतु पाट्यांची चळत आणि पंडितांची शिवीगाळ यांच्या जोडीला हा एक हातही त्या आत्मचरित्रांत आहे, आणि त्याचें वजन आम्हांस सर्वांहून अधिक वाटलें.

त्याच वर्षीं आई वारली. रवीला चौदावें वर्ष चालू होतें. सकाळीं अंगणांत मंचकावर आईचा देह पाहून मृत्यु भयंकर आहे असें त्याला वाटलें नाहीं. ती शांत निजल्यासारखी दिसत होती. स्मशानांतून परततांना मात्र, आतां या दारानें ती पुन्हां येऊन आपल्या संसारांत बसणार नाहीं, या जाणिवेनें त्याचें अंतःकरण पिळून निघालें. पोटदुखीचें सोंग ओळखून हंसणारें माणूस गेलें. पोरक्या मुलांना जवळ घेतलें तें भावजय कादंबरीदेवींनीं.

पुढें शाळा सुटली ती सुटलीच. बंधु ज्योतिरिंद्रनाथ यांच्या सहवासांत गाणें, लेखन आणि वाचन यांना बहर आला. खोडकरपणाही गेला नव्हता. जुन्या वैष्णव कवींच्या भाषेंत पदें रचून त्यानें एका मित्राला सांगितलें कीं, ब्राह्मसमाजाच्या ग्रंथालयांत भानुसिंह नांवाच्या प्राचीन कवीचें फाटकें हस्तलिखित सांपडलें आहे. मित्र भारावून गेला. पदें आपलींच आहेत हें सिद्ध केल्यावर त्याचा उत्साह एकदम ओसरला. भानु म्हणजे सूर्य, आणि रवि म्हणजेही सूर्य. पण ही साधी मेख त्याच्या लक्षांत आली नाहीं! तीं पदें १८८४ सालीं पुस्तकरूपानें निघालीं.

आमच्या महाराष्ट्राचाही या बाळपणाच्या अखेरीशीं संबंध आहे. बंधु सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्यें शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांत झाली. विलायतेस जाण्यापूर्वीं, १८७८ सालीं, सतरा वर्षांचा रवि प्रथम त्यांच्याकडे अहमदाबादेस व नंतर मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरीं राहिला. प्रार्थनासमाजाच्या या संस्थापकांची कन्या अन्नपूर्णा इंग्लंडांत राहून आली होती. तिनें त्याला इंग्रजी बोलण्याचे व वागण्याचे धडे दिले, आणि त्यानें तिला नलिनी हें नांव दिलें. हा शिष्य शाळेंतून पळालेला आहे म्हणून तिनें त्याला कमी लेखलें नाहीं. 'छेलेबेला'च्या शेवटच्या पानांत तिची आठवण कृतज्ञतेनें उजळलेली आहे.

शाळेंतून पळालेल्या या मुलानें पुढें काय केलें? त्यानें शाळा काढली. २२ डिसेंबर १९०१ रोजीं शांतिनिकेतनांत, ज्या माळावर वडिलांनीं त्याचे खडे वाखाणले होते तेथेंच, पांच विद्यार्थ्यांनिशीं तिचा आरंभ झाला. वर्ग झाडांखालीं भरत. पैशाची ओढाताण इतकी कीं, पत्नी मृणालिनीदेवींनीं आपले दागिने दिले. आणि वर्ष उलटण्यापूर्वींच, १९०२ च्या नोव्हेंबरांत, त्या निवर्तल्या. शाळा बंद पडली नाहीं. १९१३ सालीं कवीला नोबेल पारितोषिक मिळालें, १९२१ सालीं विश्वभारतीची स्थापना झाली, आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजीं जोडासांकोच्या त्याच वाड्यांत त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, यावरून शाळा चुकविणारा प्रत्येक मुलगा कवि होतो, असा सोयीस्कर सिद्धांत काढूं नका. रवि शाळेला कंटाळला, विद्येला कंटाळला नाहीं. खिडकींतून काय पाहिलें हें ज्याला पन्नास वर्षांनंतर सांगतां येतें, तो रिकामा बसला नव्हता. आणि पालकहो व गुरुजनहो, आपणां सर्वांच्या हातीं खडूचा एक तुकडा असतोच. त्यानें मुलाभोंवतीं रेघ ओढणें सोपें आहे. कामें उरकतात, घर शांत राहतें. पण त्याच हातानें घड्याळही देतां येतें, आणि तोच हात वेळीं खांद्यावरही ठेवतां येतो. पुढें जेव्हां आपलीं मुलें आपल्या आठवणी लिहितील, तेव्हां त्यांत आपला हात कोणत्या रूपानें दिसेल, हें ठरविण्याची वेळ आज आहे.